जागा अडवली म्हणे!

सकाळी साडेसहाला आमच्या बॅडमिंटन हॉलचे दिवे लागतात आणि पहिल्या कोर्टाच्या कडेच्या बाकावर, गुडघ्याला नी-कॅप चढवता चढवता, कुठल्या खेळाडूनं कधी निवृत्त व्हावं याचा निकाल लागतो. पी. व्ही. सिंधू एखाद्या स्पर्धेत पहिल्या-दुसऱ्या फेरीत हरली की दुसऱ्या दिवशीचा विषय ठरलेला. ‘‘बास झालं की आता. ऑलिंपिकची दोन पदकं झाली, वर्ल्ड चॅम्पियन झाली, लग्नही झालं. नव्या पोरींना जागा द्यायची की नाही?’’ असं म्हणणारे काका पासष्टीचे आहेत. त्यांचा कट ड्रॉप आजही नेटच्या पट्टीला घासून असा पडतो की समोरच्यानं नुसतं बघत राहावं. त्यांना उत्तर देणाराही कुणीतरी असतोच: ‘‘देशासाठी एवढं केलंय तिनं. तिला हवं तेवढं खेळू द्या, तुमचं काय जातंय?’’ मग आवाज चढतात, कुणीतरी फूल (म्हणजे शटल) उडवतं आणि खेळ सुरू होतो. हीच जुगलबंदी जरा सभ्य भाषेत वर्तमानपत्रांत आणि टीव्हीवरही चालते. मला दोन्ही बाजू चुकलेल्या वाटतात. एकीला कारकीर्द म्हणजे खुर्ची वाटते, दुसरीला पेन्शन.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. सिंधूनं कधी थांबावं हे मला ठाऊक नाही आणि ते ठरवणं माझं कामही नाही. पण ‘जागा’ हे कारण बॅडमिंटनच्या एकेरीला लागूच होत नाही. जी जागा कुणी कुणाला देत नाही, ती कुणी अडवणार कशी? हा युक्तिवाद आपण क्रिकेटकडून उसना आणलाय. दुसऱ्याचा सदरा घालायचा आणि मापात बसत नाही म्हणून अंगाला नावं ठेवायची, असा हा प्रकार आहे.

‘लोक “का थांबलास?” विचारतात तोवर थांबावं, “का थांबत नाहीस?” विचारायची वेळ आणू नये’, हे वाक्य विजय मर्चंट यांच्या नावावर सांगितलं जातं. आपल्याकडं ते सुभाषितासारखं वापरतात. बँकेतल्या साहेबापासून नाटकातल्या नटापर्यंत कुणालाही लावतात. मर्चंट शेवटची कसोटी खेळले ती १९५१ साली दिल्लीत, इंग्लंडविरुद्ध. तिथं त्यांनी १५४ धावा केल्या, ती त्यांची कसोटीतली सर्वोच्च खेळी. गंमत अशी, की त्याच सामन्यात क्षेत्ररक्षण करताना त्यांचा खांदा दुखावला आणि कारकीर्द तिथंच संपली. म्हणजे ज्यांच्या नावावर हे शहाणपण चालतं, त्यांना थांबवलं ते खांद्यानं. पुढं ते निवड समितीचे अध्यक्ष झाले आणि १९७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यासाठी पतौडींऐवजी अजित वाडेकर कर्णधार झाले ते मर्चंटांच्या निर्णायक मतामुळं. मर्चंटांना उणं लेखायला हे सांगत नाहीये. ते वाक्य कुठल्या खुर्चीतून शोभतं एवढंच दाखवायचंय. जिथं अकराच जागा असतात, बाराव्यानं पाणी न्यायचं असतं आणि चार-पाच माणसं बंद खोलीत बसून नावं ठरवतात, तिथं मोठ्या नावाचं ओझं सगळ्यांना होतं. त्याला वगळायचं धाडस कुणाला होत नाही, मग त्यानं आपणहून उठावं अशी अपेक्षा ठेवणं रास्तच.

बॅडमिंटनमध्ये ती बंद खोलीच नाही. जागतिक क्रमवारी मागच्या ५२ आठवड्यांतल्या गुणांवर चालते आणि त्यातल्या सर्वोत्तम दहा स्पर्धा धरतात. मोठ्या स्पर्धेत एकेरीचा ड्रॉ, म्हणजे सामन्यांचा तक्ता, ३२ जणींचा असतो. थेट प्रवेश कुणाला, राखीव यादीत कोण, मानांकन कुणाला, हे सगळं आकडे ठरवतात. गेल्या वर्षी गाजवलेल्या स्पर्धेत यंदा पहिल्या फेरीत हरलात की ते गुण गळून पडतात, मग कपाटात ऑलिंपिकचं पदक असो वा नसो. २०१९ च्या जगज्जेतेपदाची किंमत आजच्या क्रमवारीत शून्य आहे. एकेकाळी दुसऱ्या क्रमांकावर असलेली सिंधू पहिल्या दहांतून बाहेर गेली ती कुणी वगळलं म्हणून नाही, गुण आटले म्हणून. इथली निवड समिती दर मंगळवारी बसते म्हणा ना. तिला कुणाची भीड पडत नाही आणि तिच्यापुढं कुणाची रदबदलीही चालत नाही.

हे नेहमीच असं नव्हतं. सांगलीचे नंदू नाटेकर १९५४ साली ऑल इंग्लंडच्या उपांत्यपूर्व फेरीत पोचले, १९५६ साली मलायात सेलंगोरची स्पर्धा जिंकून आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय ठरले, आणि १९६१ साली अर्जुन पुरस्कार सुरू झाला तेव्हा पहिल्याच यादीत त्यांचं नाव होतं. त्या काळात क्रमवारी नव्हती, बक्षिसाचा पैसा नव्हता, परदेशी कोण जाणार हे संघटनेच्या मर्जीवर असे. तेव्हा ज्येष्ठानं जागा सोडण्याच्या बोलण्यात काहीतरी अर्थ होता. आपण अजून नाटेकरांच्या काळच्या फूटपट्टीनं आजची खेळाडू मोजतोय.

२०२५ च्या जुलैत चांगझोऊला चायना ओपनच्या दुसऱ्या फेरीत सिंधूसमोर उन्नती हुडा होती. हरियाणाची, १७ वर्षांची. उन्नती २१-१६, १९-२१, २१-१३ अशी जिंकली. मधला गेम सिंधूनं खेचून घेतला होता, म्हणजे सामना काही आयता ताटात वाढलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी बाकावर निकालाचा अर्थ लागला: ‘‘बघा, आता तरी कळावं तिला.’’ मला तोच निकाल नेमका उलटा वाचता आला. सिंधू वर्षभर आधी शहाण्यासारखी घरी बसली असती, तर त्या दिवशी उन्नतीला काय मिळालं असतं? समोर दुसरी कुणीतरी, कदाचित जय, कदाचित पराजय, आणि आतल्या पानावर दोन ओळी. सिंधूला हरवलं म्हणून ती देशाला माहीत झाली. त्याहून मोठी गोष्ट तिला स्वतःला कळली असणार. सिंधूच्या उंचीची खेळाडू समोर उभी राहिली की कोर्ट आखडल्यासारखं वाटतं. मागं उचललेलं फूल इतर कुणाच्या डोक्यावरून गेलं असतं, ते तिच्या रॅकेटला सापडतं आणि तिरकं खाली येतं. उचलायचं किती उंच आणि किती खोल, हा हिशेब व्हिडिओ बघून बसत नाही, दोन-चार स्मॅश अंगावर घेतल्यावर बसतो. कुणीतरी उठून गेल्यावर रिकामी खुर्ची मिळणं आणि समोरच्याला हरवून पुढं जाणं, या दोन गोष्टींना आपण ‘संधी’ हे एकच नाव कसं काय देतो?

नागपूरच्या मालविका बनसोडचं उदाहरण मला याहूनही बोलकं वाटतं. २०२२ च्या जानेवारीत दिल्लीला इंडिया ओपनमध्ये तिनं साइना नेहवालला २१-१७, २१-९ असं हरवलं. साइना दुखापतींतून परतत होती, तेवढं मालविकाच्या यशातून वजा करायचं तर करा. पण त्याच महिन्यात लखनौला सय्यद मोदी स्पर्धेच्या अंतिम फेरीत सिंधूनं मालविकाला २१-१३, २१-१६ असं गुंडाळलं. एका महिन्यात एका मुलीनं दोन इयत्तांची परीक्षा दिली, एकीत पास, एकीत नापास. पुढं २०२४ च्या सप्टेंबरात हीच मालविका चायना ओपनमध्ये पॅरिस ऑलिंपिकच्या कांस्यपदक विजेत्या ग्रेगोरिया मारिस्का टुनजुंगला पहिल्याच फेरीत घरी पाठवून उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेली. त्यात लखनौच्या धड्याचा वाटा किती, हे मोजायला काही साधन नाही. पण तो धडा द्यायला कुणीतरी कोर्टवर उभं असावं लागतं एवढं नक्की.

आणि सिंधू स्वतः कशी घडली? साइनानं जागा सोडली म्हणून? रिओला २०१६ साली साइना दुखरा गुडघा घेऊन खेळली, गटातच हरली, परत आल्यावर शस्त्रक्रिया झाली. त्याच रिओत सिंधूनं रौप्य मिळवलं. तेव्हाही बाकावर हेच चाललं होतं, एक संपली, दुसरी आली. सव्वा वर्षानं, २०१७ च्या नोव्हेंबरात, नागपूरला राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम फेरीत दोघी समोरासमोर आल्या आणि साइना जिंकली, २१-१७, २७-२५. तो दुसरा आकडा जरा थांबून वाचावा. वीसच्या पुढं आणखी सात गुणांसाठी झुंजत राहायला ‘संपलेल्या’ माणसाला काय लागत असेल? पुढच्या एप्रिलात गोल्ड कोस्टला राष्ट्रकुलच्या अंतिम फेरीत पुन्हा साइनाच, २१-१८, २३-२१. २०१९ च्या सुरुवातीला गुवाहाटीला राष्ट्रीय अंतिम फेरीत पुन्हा तीच. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सिंधू जगज्जेती झाली. साइना वाटेतून बाजूला झाली असती तर सिंधू आणखी लवकर जगज्जेती झाली असती, असं कुणाला म्हणायचं असेल तर त्यानं ते सिद्ध करावं.

समोरच्या बाजूचं जे खरं आहे ते मान्य करायला हवं, नाहीतर मीही बाकावरचाच झालो. जागा अगदीच नसतात असं नाही. ऑलिंपिकला एका देशातून एकेरीत फार तर दोघी जातात, त्याही दोघी पात्रता यादीत पहिल्या सोळांत असल्या तरच. एरवी एकच. म्हणजे सिंधूमुळं दुसरी मागं राहू शकते. खरंय. पण ती मागं राहते ती गुण कमी पडले म्हणून. पॅरिसला पुरुष एकेरीत लक्ष्य सेन आणि एच. एस. प्रणॉय दोघंही त्या सोळांत होते, दोघंही गेले, बाद फेरीत एकमेकांसमोर आले आणि लक्ष्य जिंकला. ‘वयानं मोठा आहेस, तू थांब’ असं प्रणॉयला कुणी म्हणायची गरज पडली नाही. महिलांत दुसरी कुणी सोळांत पोचली नव्हती. तिला तिथं पोचवायचं तर सिंधूनं कमी खेळायला हवं होतं, की तिनं जास्त जिंकायला हवं होतं?

सांघिक स्पर्धांच्या बाबतीत मात्र मी निम्मा हरतो. उबर चषक, सुदिरमन चषक, आशियाई सांघिक स्पर्धा, इथं संघ निवडतात, म्हणजे बंद खोली आली आणि खुर्चीही आली. २०२४ च्या उबर चषकाला सिंधू गेली नाही. कोवळ्या मुलींचा संघ चेंगडूला जाऊन उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोचला. तिच्यावाचून अडत नाही, हे त्यांनी दाखवलं. पण त्याच वर्षी फेब्रुवारीत शाह आलमला झालेली आशियाई सांघिक स्पर्धाही बघायला हवी. गुडघ्याच्या दुखापतीनंतर परतलेली सिंधू पहिली एकेरी खेळत होती आणि शेवटच्या एकेरीला होती अनमोल खरब, १७ वर्षांची, क्रमवारीत चारशेच्याही मागं. चीन, जपान आणि अंतिम फेरीत थायलंड, तिन्ही वेळा लढत २-२ वर आली आणि तिन्ही वेळा अनमोलनं शेवटचा सामना काढून दिला. भारतीय महिलांचं या स्पर्धेतलं ते पहिलं सुवर्ण. सिंधू जपानविरुद्ध हरली होती, तिथं पोरींनी सावरून घेतलं. अंतिम फेरीत तिनं पहिला सामना सरळ गेममध्ये जिंकला, तो गेला असता तर शेवटी २-२ झालंच नसतं. पहिल्या नंबरच्या प्रतिस्पर्ध्याशी भिडायचं काम मोठीनं अंगावर घेतलं म्हणून धाकटीला तिच्या झेपेची लढत मिळाली. जुनं घर बांधलेल्यांना ही व्यवस्था समजेल. तुळई काढून वासे बसवत नाहीत. तरी कबूल करतो, दरवेळी तुळई तिचीच असावी असा काही नियम नाही.

पैशांचा मुद्दा लोक दबक्या आवाजात काढतात, खरं तर तो मोठ्यानं काढायला हवा. स्वतंत्र प्रशिक्षक, फिजिओ, सरावाला जोडीदार, परदेशी दौरे, यात सरकारी योजनांचा पैसा जातो. हाच पैसा ज्युनियर मुलींवर गेला असता हे म्हणणं काही खोटं नाही. पण मग तसंच म्हणा ना! ‘निधी आजच्या कामगिरीवर द्या, जुन्या पदकांवर देऊ नका’ हे धोरण झालं, त्यावर वाद घालता येतो, आणि मी त्या बाजूनं हात वर करेन. ‘तिनं रॅकेट ठेवावी’ यात धोरण कुठं आहे? चांगले प्रशिक्षक हैदराबाद आणि बेंगळुरूच्या अकादम्यांभोवतीच गोळा झालेत, ही अडचणही तिनं केलेली नाही. पुलेला गोपीचंद २००१ साली ऑल इंग्लंड जिंकले आणि पुढं अकादमी उभी करताना त्यांनी राहतं घर गहाण टाकलं. साइना, सिंधू, किदंबी श्रीकांत तिथं घडले. एका माणसानं घर गहाण टाकून जे उभं केलं, त्यावरच एवढ्या मोठ्या देशाचं बॅडमिंटन वर्षानुवर्षं चालवायचं आणि गर्दी झाली की आतल्या जुन्या माणसाला बाहेर हो म्हणायचं. दिवसातून एकच एसटी सोडायची आणि उभ्या प्रवाशांनी बसलेल्यांशी भांडायचं, त्यातलाच हा न्याय. डेपोत जाऊन दुसरी गाडी मागायचं कुणाला सुचत नाही.

‘‘तिचं हरणं बघवत नाही, लोकांच्या लक्षात शेवटी हेच राहणार,’’ असं म्हणणारे वेगळे. त्यांच्याशी भांडायला जीव होत नाही, कारण ते प्रेमानं बोलतात. पण राहतं का खरंच लक्षात? प्रकाश पदुकोण म्हटल्यावर काय आठवतं? १९८०, वेम्बली, समोर लिम स्वी किंग, १५-३, १५-१०. पदुकोण त्यानंतरही बरीच वर्षं खेळले आणि हरलेही. त्यांचा शेवटचा पराभव कुठं आणि कुणाकडून, हे मी हॉलमध्ये विचारून बघितलं. एकालाही सांगता आलं नाही, आणि काका तर पदुकोणचे निस्सीम भक्त. चीनचा लिन डॅन दोन ऑलिंपिक सुवर्णं झाल्यावरही खेळत राहिला, पुढं पुढं पहिल्याच फेरीत गळायला लागला आणि त्याच पडत्या दिवसांत, २०१९ साली, पस्तिशीत मलेशिया ओपन जिंकून गेला. वर्षभरानं थांबला. त्याची सुवर्णं कुणी परत मागितल्याचं ऐकिवात नाही. मलेशियाचा ली चाँग वेई बीजिंग, लंडन आणि रिओ अशा तीन ऑलिंपिकांत तीन रौप्यं घेऊन राहिला. तो थांबला २०१९ साली, नाकाच्या कर्करोगानं थांबवल्यावर. बीजिंगनंतर तो ‘मान राखून’ बाजूला झाला असता तर त्याचा मान वाढला असता का? बघवत नसेल तर टीव्ही बंद करायची सोय आहे.

शिवाय आपले अंदाज! २०१७ च्या ऑगस्टात ग्लासगोला जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत सिंधू आणि जपानची नोझोमी ओकुहारा एक तास पन्नास मिनिटं खेळल्या. दुसऱ्या गेमचा शेवटचा गुण ७३ फटक्यांचा झाला. फूल मागच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात, तिथून नेटवर, पुन्हा मागं. घरात कुणी बोलेना. तो गुण सिंधूचा, गेमही तिचा, आणि तिसऱ्यात २०-२० वरून सामना गेला. पुढच्या वर्षी ती गोल्ड कोस्टला अंतिम फेरीत हरली, नानजिंगला स्पेनच्या कॅरोलिना मरिनशी हरली, जकार्तात ताई त्झू यिंगशी हरली. हिला फायनलची भीती वाटते, हिच्या नशिबी चांदीच, असं तेव्हा ठरून गेलं होतं. त्याच डिसेंबरात ग्वांगझोऊला वर्षअखेरची स्पर्धा तिनं ओकुहाराला हरवून जिंकली आणि २०१९ च्या ऑगस्टात बासेलला त्याच ओकुहाराला २१-७, २१-७ असं ३८ मिनिटांत संपवून जागतिक विजेती झाली. बॅडमिंटनमध्ये जगज्जेता झालेली ती पहिली भारतीय. मग पुन्हा दुष्काळ. त्यानंतर एखादी स्पर्धा जिंकायला तिला जवळजवळ अडीच वर्षं लागली, आणि त्या दुष्काळातच टोकियोचं कांस्य आलं. बाकाचा सल्ला ऐकून ती २०२० मध्ये थांबली असती तर? उन्नतीशी हरल्यावर महिनाभरानं पॅरिसच्या जागतिक स्पर्धेत तिनं जगात दुसऱ्या असलेल्या वांग झी यीला सरळ दोन गेममध्ये हरवलं. पुढचा सामना जिंकली असती तर सहावं जागतिक पदक गळ्यात पडलं असतं. तिसऱ्या गेममध्ये हरली. एवढी चढउतार असलेल्या आलेखावरून ‘आता संपलं’ हा निष्कर्ष कुठल्या हिशेबानं निघतो?

‘लग्नही झालं’ हे काकांच्या यादीतलं कलम मी मुद्दाम मागं ठेवलं होतं. प्रणॉयचं लग्न २०२२ साली झालं. २०२३ साली त्यानं मलेशिया मास्टर्स जिंकली, जागतिक स्पर्धेत डेन्मार्कच्या व्हिक्टर अ‍ॅक्सलसनला त्याच्याच कोपनहेगनमध्ये हरवून कांस्य मिळवलं, आणि आशियाई स्पर्धेत १९८२ च्या सय्यद मोदींनंतर पुरुष एकेरीतलं पहिलं पदक आणलं. त्याच्या कारकिर्दीतलं ते सर्वांत भरघोस वर्ष. तेव्हा बाकावर लग्नाचा विषय निघाल्याचं मला आठवत नाही. वयाचंही तसंच. पॅरिस ऑलिंपिकला सिंधूला १९-२१, १४-२१ असं हरवणाऱ्या चीनच्या ही बिंगजियाओनं रौप्य घेतलं आणि २७ व्या वर्षी आंतरराष्ट्रीय बॅडमिंटन सोडलं. अपर्णा पोपटनं पदुकोणसारखी सलग नऊ राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली आणि मनगटानं दगा दिला तेव्हा तीही तिशीच्या अलीकडंच होती. थांबण्याचं एकच वय पंचांगात छापलेलं नाही.

मनगट म्हटल्यावर खरं अवघड कारण समोर येतं. शरीर. पॅरिस ऑलिंपिकच्या उपांत्य सामन्यात मरिन पहिला गेम जिंकून दुसऱ्यातही पुढं होती, आणि एका साध्या पावलावर तिचा गुडघा गेला. ती खाली कोसळून रडत होती ते ज्यांनी पाहिलं ते विसरणार नाहीत. पट्टा बांधून ती पुन्हा उभी राहिली, दोन गुण खेळली, मग सोडलं. तिच्या गुडघ्यांची ती तिसरी मोठी दुखापत. समोर होती तीच ही बिंगजियाओ. रौप्य स्वीकारताना तिनं हातात स्पेनचा बिल्ला धरला होता. सिंधू २०२२ साली बर्मिंगहॅमला घोट्याच्या हाडाला तडा गेलेला असताना राष्ट्रकुल सुवर्ण जिंकली आणि त्यापायी त्या वर्षीची जागतिक स्पर्धा मुकली. २०२५ चा हंगामही पायाच्या दुखापतीनं अर्ध्यावर सोडावा लागला. चाळिशीत जिना उतरताना कठड्याला धरावं लागेल, याचा विचार करून कुणी थांबलं तर ते शहाणपणच. फक्त हे कारण बाकावर कधी निघत नाही. ते तिचं, तिच्या डॉक्टरचं आणि तिच्या घरच्यांचं असतं, त्यात आपल्याला मत द्यायला वाव राहत नाही.

राहिले ‘तिला काही बोलायचं नाही’वाले. ते तिची बाजू घेतात आणि तिलाच लहान करतात. खेळत असलेल्या खेळाडूच्या खेळावर बोलायचं नाही तर काय बोलायचं? हातातली आघाडी ती घालवते, पहिला गेम जिंकून सामना सोडते. २०२५ च्या ऑल इंग्लंडला पहिल्याच फेरीत तेच झालं. पॅरिस ऑलिंपिकनंतर प्रशिक्षक बदलत राहिले त्याचा फायदा किती झाला, हेही विचारावं. ज्या दिवशी आपण तिच्या हरण्यावर नुसतं ‘बिचारी’ म्हणू, त्या दिवशी ती आपल्या लेखी खरंच निवृत्त झालेली असेल, मग तिचं नाव ड्रॉमध्ये असलं तरी.

यातलं बरंचसं मी परवा काकांना ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, नी-कॅपचा पट्टा ओढून घट्ट केला. म्हणाले, ‘‘अरे, पण लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकला ती तेहतीस वर्षांची असेल.’’

‘‘हो काका, असेल.’’

‘‘मग?’’

मी काही बोलणार तोवर ते कोर्टच्या मागच्या रेषेवर जाऊन उभे राहिले होते. आदल्या दिवशी ते एका नववीतल्या मुलीकडून २१-९ हरले होते. तीच आज माझी जोडीदार होती. त्यांनी तिला हातानंच खूण केली, सर्व्हिस तुझी.